मागून धडकणारा नेहमीच दोषी असतो का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रकारच्या अपघातांविषयी आहेत. मोटार ट्रकच्या किंवा कंटेनरच्या मागच्या बाजूने थेट खाली घुसते आणि मोटारीतील माणसे वाचत नाहीत, अशा या अपघातांबाबतच्या गैरसमजांमुळे अनेक कुटुंबे हक्काच्या भरपाईला मुकतात. म्हणून या अंकातील सर्व जागा या पत्रांनाच दिली आहे.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी पहाटे अडीचच्या सुमारास महामार्गावर आमची मोटार उभ्या कंटेनरच्या खाली घुसली. गाडी चालवणारे माझे पती जागीच गेले. मी आणि सासूबाई मागे बसलो होतो. दोघीही गंभीर जखमी झालो. कंटेनर धावत्या लेनमध्ये उभा होता, त्याचे दिवे बंद होते आणि मागे काहीही चमकत नव्हते. तरीही पोलिसांनी गुन्हा माझ्या पतींवरच नोंदवला. मागून धडकल्यामुळे काही मिळणार नाही, असे विमा कंपनीचा प्रतिनिधी सांगतो, आणि घरची मंडळी कोर्टाच्या फंदात पडू नका म्हणतात. पती 38 वर्षांचे होते, त्यांचे स्वतःचे वर्कशॉप होते. आम्हाला दोन मुले आहेत. आमचा खरोखरच काही हक्क नाही का? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपला हक्क आहे, आणि तो मोठा आहे. मागून धडकला तो चुकला, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजलेली आहे आणि तिला थोडा आधारही आहे. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर राखण्याचे बंधन मोटार वाहन (चालन) विनियम, 2017 ने प्रत्येक चालकावर घातले आहे. एप्रिल 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात, चालत्या ट्रकच्या मागे अवघे दहा-पंधरा फूट अंतर ठेवून चाललेली मोटार त्याच्यावर आदळली होती आणि न्यायालयाने दोष मोटारचालकाचाच मानला. परंतु तो ट्रक चालता होता. अंधारात, दिव्यांशिवाय, धावत्या लेनमध्ये सोडून दिलेल्या वाहनाला तोच नियम लावणे चूक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे एकापेक्षा अधिक वेळा सांगितले आहे.

फेब्रुवारी 2018 च्या एका निकालातील गॅस टँकर असाच रस्त्याच्या मध्यावर, कोणतीही सूचना न देता उभा होता. उच्च न्यायालयाने मोटारचालकाच्या माथी निम्मा दोष मारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. सप्टेंबर 2024 चा निकाल आपल्या प्रकरणाशी आणखी जवळचा आहे. त्यात एक मोठा ट्रेलर पार्किंग लाइट किंवा धोक्याची कोणतीही खूण न लावता महामार्गावर सोडून दिलेला होता आणि खालच्या न्यायालयांनी दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण जबाबदारी ट्रकच्या बाजूवर टाकली. याच निकालात सांगितलेली दुसरी गोष्ट आपल्या आणि सासूबाईंच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे : चालकाकडून काही चूक झाली असली, तरी ती गाडीत बसलेल्या प्रवाशांच्या माथी मारून त्यांची भरपाई कमी करता येत नाही.

त्यामुळे आपल्या कुटुंबाचे दावे वेगवेगळे पाहावे लागतील. आपल्या आणि सासूबाईंच्या दुखापतींसाठी दोन्ही वाहनांचा दोष निघाला, तरी तो कायद्याच्या भाषेत संयुक्त निष्काळजीपणा ठरतो. 2015 च्या एका निकालानुसार अशा वेळी जखमी व्यक्ती संपूर्ण रक्कम दोहोंपैकी कोणाकडूनही मागू शकते. त्या दोघांनी आपसांत हिशेब कसा करायचा हा त्यांचा प्रश्न आहे. पतींच्या मृत्यूबद्दलच्या दाव्यात मात्र त्यांचा स्वतःचा काही वाटा होता का, हे तपासले जाईल, आणि जेवढा वाटा ठरेल तेवढी रक्कम कापली जाईल.

ही कपात किती मोठी असते, हे आकड्यांत पाहू. आपण उत्पन्न कळवलेले नाही, म्हणून ते महिना 30,000 रुपये होते असे समजू. स्वतःचा व्यवसाय असलेल्या आणि चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी 2017 च्या घटनापीठाच्या निकालानुसार भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवले जातात, म्हणजे 42,000 होतात. आपण, दोन मुले आणि सासूबाई असे चौघे अवलंबून असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होऊन 31,500 उरतात. वर्षाचे 3,78,000 झाले आणि 36 ते 40 या वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, 15 आहे, म्हणून रक्कम 56,70,000 रुपये येते. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा त्यावर वेगळ्या मिळतात. निम्मा दोष पतींचा ठरला, तर यातील 28,35,000 रुपये जातात. विमा कंपन्या या एका मुद्द्यावर एवढ्या जिद्दीने का लढतात, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

गुन्हा पतींवर नोंदवला आहे म्हणून खचू नका. आरोपीच हयात नसल्याने तो फौजदारी तपास ‘ॲबेटेड समरी’ देऊन बंद होईल. पोलिसांनी कोणावर गुन्हा नोंदवला, यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निर्णय बांधलेला नसतो. तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते. आपण स्वतः गाडीत होता, म्हणून आपली साक्ष हा प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे. कंटेनरच्या चालकाविरुद्ध तपास व्हावा असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे जरूर द्या आणि त्याची पोच घ्या. धोकादायक स्थितीत वाहन सोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 ला सोडून आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता पुराव्याविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 109 नुसार रस्त्यावर उभ्या वाहनाचे पार्किंग लाइट पेटते राहिले पाहिजेत. मालवाहू वाहनांच्या मागे तांबड्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या लागतात. शिवाय ट्रकच्या मागे खालच्या बाजूला एक भक्कम आडवा बार असावा लागतो, ज्याला या व्यवसायात अंडररन गार्ड म्हणतात आणि ज्याचे मानक आयएस 14812 आहे. रिकाम्या वाहनावर या बारची खालची कड जमिनीपासून 55 सेंटिमीटरपेक्षा वर असू नये, अशी अपेक्षा आहे. याचे कारण साधे आणि भयंकर आहे. मोटारीचा पुढचा भाग धडकेचा जोर पोटात घेण्यासाठीच बनवलेला असतो, पण ट्रकची मागची चौकट बॉनेटच्या वरून थेट काचेवर येते. तो भाग दबतच नाही आणि एअरबॅग वेळेवर फुगली, तरी डोक्याच्या पातळीवर आलेल्या लोखंडापुढे ती काही करू शकत नाही. बार जागेवर आणि शाबूत असता, तर तीच धडक कमी वेगाला अनेकदा जिवावर बेतली नसती. म्हणून बार होता का, किती उंचीवर होता आणि तो धडकेत वाकला की आधीपासूनच नव्हता, हे प्रश्न दाव्यात स्पष्टपणे मांडले पाहिजेत. मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा यांच्या प्रती लगेच मिळवा. कंटेनर बहुधा एव्हाना सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर मालकाच्या ताब्यात, सुटला असेल आणि दुरुस्तही झाला असेल. तसे असल्यास अपघाताच्या रात्रीची छायाचित्रे, बातमीदारांनी काढलेलीसुद्धा, शोधा. कंटेनर तेथे किती वेळ उभा होता, हे आधीच्या टोलनाक्यावरील फास्टॅगची वेळ, वाहनातील जीपीएस आणि महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर कोणी आधी तक्रार केली होती का, यावरून कळू शकते. या नोंदी मागवण्याचा अर्ज वकिलांनी न्यायाधिकरणात लवकर करावा, कारण त्या कायम जपून ठेवल्या जात नाहीत.

वाहन उभे होते, म्हणजे त्याचा वापर चालू नव्हता, असाही बचाव कधी कधी घेतला जातो. सातारा जिल्ह्यात 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून रस्त्याच्या कडेला उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन अनेक माणसे मेली. त्या प्रकरणात 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्थिर वाहनही ‘वापरात’ असू शकते असे ठरवले आणि हा बचाव तेव्हाच निकाली निघाला.

मुदतीकडे मात्र कृपया दुर्लक्ष करू नका. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर थांबू नका; आपल्या हातात अजून तीन महिने आहेत. दावा आपण राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला आहे का, हेही विचारा. स्त्री म्हणून आपल्याला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक कुटुंबांना कोणीच सांगत नाही. मोटार पतींच्या नावावर असेल आणि त्यांच्याकडे वैध परवाना असेल, तर पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला आहे का, ते पाहा. तो मिळण्यासाठी दोष कोणाचा होता हे सिद्ध करावे लागत नाही. पॉलिसी पॅकेज प्रकारची, म्हणजे केवळ थर्ड पार्टीपुरती नसलेली, असेल, तर आपण आणि सासूबाई प्रवासी म्हणून तिच्याखालीही दावा करू शकता. विमा प्रतिनिधीने तोंडी नकार दिला म्हणून परत फिरू नका. नकार लेखी मागा.

प्रश्न : माझा एकच दहाचाकी ट्रक आहे. टायर फुटल्याने चालकाने रात्री गाडी डावीकडे घेऊन उभी केली, मागे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवल्या. तरी एक मोटार खाली घुसून दोघांचा मृत्यू झाला. माल भरताना अडचण होते म्हणून मागचा गार्ड आधीच गॅरेजमध्ये कापून घेतलेला होता. विमा आणि फिटनेस चालू आहे. मला शिक्षा होईल का, आणि भरपाई मला भरावी लागेल का? — एक ट्रकमालक, नाशिक जिल्हा

उत्तर : आपण गार्डची गोष्ट लपवली नाहीत, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. मृत्यूबद्दलचा मुख्य गुन्हा चालकाच्या कृतीवर उभा राहतो. केवळ मालक म्हणून आपण आपोआप आरोपी होत नाही. परंतु दोष माहीत असताना वाहन रस्त्यावर आणू देणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि अशा दोषामुळे अपघात होऊन इजा झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गार्ड आपल्या सांगण्यावरून कापला गेला असल्याने हे कलम आपल्याला लागू शकते. पुराव्याशी आता कोणतीही छेडछाड करू नका, आणि नवा गार्ड बसवून तो आधीपासून होता असे भासवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

भरपाईची जबाबदारी चालकाबरोबर मालकाचीही असते, पण थर्ड पार्टी विमा असल्याने ती प्रत्यक्षात कंपनी भरते. मृतांच्या वारसांविरुद्ध विमा कंपनीला घेता येणारे बचाव कलम 150 मध्ये मोजून दिलेले आहेत. चालकाचा परवाना वैध नसणे किंवा वाहनाला परमिट नसणे त्यात येते. गार्ड कापलेला असणे येत नाही. परवाना किंवा परमिट नसेल, तर न्यायालये अनेकदा कंपनीला आधी वारसांना पैसे देण्यास आणि मग ते मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. म्हणून ही दोन्ही कागदपत्रे ताबडतोब वकिलांकडे द्या.

फांद्यांविषयी लिहिणे भाग आहे, कारण हा प्रघात सर्वत्र दिसतो. रात्री ताशी 80 किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला काळ्या डांबरावरचा दगड दिसत नाही. दिसतो तेव्हा तो दगडच नवा अपघात घडवतो. हजार्ड लाइट, पार्किंग लाइट आणि बराच मागे ठेवलेला चमकणारा त्रिकोण, एवढ्या तीन गोष्टी होत्या असे चालकाला दाखवता आले असते, तर आपली बाजू फार निराळी असती. तरीही गाडी बिघडल्यामुळे आणि कडेला घेऊन उभी होती, ही बाब आपल्या बाजूने जाते. मोटारीचा वेग आणि रस्त्याची रुंदी पाहून न्यायाधिकरण मोटारचालकाचा काही वाटा मानू शकेल. आपल्याकडे दुसरा ट्रक आला, तर त्याचा गार्ड कापू नका.

प्रश्न : ट्रक अधिकाऱ्यांनीच थांबवला असेल, किंवा ढाब्यापुढे रोजच रस्त्यावर ट्रकांची रांग लागत असेल, तर सरकारी यंत्रणेची काही जबाबदारी नाही का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आहे, पण ती सिद्ध करण्याचा मार्ग लांबचा आहे. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ 15 ऑक्टोबर 2023 रोजी उभ्या ट्रकवर मिनीबस आदळून 12 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ट्रक तपासणीसाठी थांबवल्याच्या आरोपावरून ट्रकचालकाबरोबर आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांनाही अटक झाली होती. अधिकार असला, तरी तो धावत्या लेनमध्ये ट्रक उभा करून वापरता येत नाही, हे तत्त्व तेथे ठळकपणे समोर आले.

रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 198अ खाली संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. माझ्या मते ही रक्कम महामार्गांच्या कंत्राटांपुढे नगण्य आहे. शिवाय ती वारसांना मिळत नाही, अपघात निधीत जाते. वारसांनी यंत्रणेकडून भरपाई मागायची, तर त्यासाठी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयातील याचिका हा मार्ग आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये राजस्थानातील फलोदी येथे उभ्या वाहनावर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून झालेल्या अपघाताची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महामार्गालगतच्या ढाब्यांचा प्रश्न हाती घेतला. तुमच्या रस्त्यावर अशी रांग रोज लागत असेल, तर छायाचित्र, तारीख आणि किलोमीटरच्या दगडाचा आकडा देऊन महामार्ग प्राधिकरणाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे आजच लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. पुढे तेथे अपघात झाला, तर धोका यंत्रणेला आधीच माहीत होता, हे त्या पोचेवरून सिद्ध करता येते.