कापसाचा ओलावा, हवेची आर्द्रता

राळेगावकडच्या एका शेतकरीभाऊंना तुरीच्या वावरात पांढरा डबा सापडला, सोबत फुटक्या फुग्याच्या चिंध्या. हा 'रेडिओसोंड', म्हणजे फुग्याला बांधून सोडलेलं, वरच्या हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र आहे, असं मास्तरांनी सांगितलं. भाऊंचा प्रश्न: "आर्द्रता म्हंजे ओलावाच नं जी? कापूस बारा टक्क्याच्या वर गेला का खरेदी केंद्र घेत नाही. मंग हवेत नव्वद टक्के पाणी असून आपण बुडत कसे नाई?"

गोम 'टक्के' या शब्दात आहे. कापसाचे टक्के वजनाचे. हवेचे टक्के मात्र त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, तिच्या हिशेबाने. म्हणून खरा शब्द 'सापेक्ष आर्द्रता'. बातम्यांत 'सापेक्ष' गळतो आणि घोटाळा होतो. 30 अंशांना घनमीटरभर हवेत साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. दहा-अकरा किलोमीटरवर, उणे 40 अंशांत, पाव ग्रॅमही नाही. तिथले नव्वद टक्के म्हणजे जवळपास कोरडंच.

'आर्द्र' म्हणजे ओला. मृगामागून येणारी आर्द्रा त्यातलीच. पण ओल हाताला लागते, पेरणीआधी माती मुठीत दाबून आपण ती बघतो. वाफ हाताला लागत नाही, तेव्हा तिच्यासाठी वेगळा शब्द असलेला बरा. 'दमट' हा तर अंगाला आलेला अनुभव, मोजमाप नव्हे.

यंत्र जे करतं त्याला मात्र आपल्याकडे फक्कड क्रियापद आहे: सादळणे. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो, तसा डब्यातला पॉलिमरचा पातळ पापुद्रा वाफ शोषतो, त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते आणि त्यावरून आकडा काढतात. पूर्वी याच कामाला माणसाचा केस वापरत. ओलीने तो लांबतो. कडाक्याच्या थंडीत पापुद्रा सादळायलाही वेळ लावतो, फुगा तर सेकंदाला पाचेक मीटर वर चाललेला, म्हणून आकडा मागे पडतो. दिवसा उन्हाने पापुद्रा तापला की हवा आहे त्याहून कोरडी दिसते. या चुका नंतर गणिताने दुरुस्त करतात. त्यात आणखी एक मेख: हे टक्के गोठणबिंदूखालीही पाण्याच्या हिशेबानेच देतात, म्हणजे पाण्यावरच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल तिच्याशी तुलना करून; बर्फावरच्या हवेत ती कमी मावते. म्हणून उणे 40 ला यंत्राचे टक्के सत्तरच्या अलीकडे असतानाच बर्फाच्या हिशेबाने हवा 'भरलेली' असते.

भाऊंचा दुसरा प्रश्न, 'रेडिओसोंड'मधली सोंड कुठली? गणपतीची नव्हे. फ्रेंचमध्ये 'सोंद' म्हणजे पाण्याची खोली अजमावायचं साधन. इथे ते उलटं, वरच्या दिशेने सोडलेलं.