कन्सोल घ्या, शेअर विका

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, लहानपणापासून निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचा भक्त. मित्रांचा प्लेस्टेशन की एक्सबॉक्स हा वाद सुरू झाला की मी एकटा दोन्ही बाजूंशी भांडतो. निन्टेन्डोच्या पुढच्या ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे नव्या गेमच्या घोषणांच्या ऑनलाइन कार्यक्रमात, काय येणार यावरही वाद घालतो. आता त्यांचा नवा गेम कन्सोल, स्विच २, घ्यायचाय. किंमत माझ्या महिन्याच्या खर्चाच्या निम्मी आहे. १२ हप्ते, शून्य टक्के व्याज अशी योजना मिळतेय. आत्ता घ्यावा की किंमत उतरेपर्यंत थांबावं? नोकरी गेम टेस्टिंगची आहे, कंत्राट दर सहा महिन्यांनी नवं होतं. बचतीचा तक्ता आणि हप्त्यांचा कागद जोडलाय.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे, ते शेवटी देते. आधी तक्ता.

बचत नऊ महिन्यांच्या खर्चाइतकी. कंत्राटी नोकरीत एवढं साठवलंत, याचं मनापासून कौतुक. पण त्यातले सात महिने निन्टेन्डोच्या शेअरमध्ये, दीड महिना ‘गेमिंग’ थीमच्या फंडात आणि बँकेत जेमतेम अर्धा. ‘आपत्कालीन निधी’ अशी ओळ तुम्ही स्वतःच आखली आहे, पण तिच्यापुढे आकडा नाही. नुसतं ‘वरच्यातूनच’ लिहिलंय.

वरच्यातूनच म्हणजे नक्की कशातून? पगार गेम उद्योगातून येतो, बचत गेम उद्योगात, छंदही तोच. २०२३ आणि २०२४ मध्ये या उद्योगात हजारोंनी माणसं कमी झाली. अशा वेळी टेस्टरचं कंत्राट नवं होत नाही, आणि ज्या महिन्यात ते होणार नाही नेमक्या त्याच महिन्यात शेअरही पडलेला असण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय तो शेअर येनमध्ये. घरभाडं तुम्ही येनमध्ये देत नसावात.

‘ही कंपनी मला आतून-बाहेरून माहीत आहे,’ असं तुम्ही शेअरच्या रकान्यात लिहिलंय. माहीत आहेत त्या कंपनीच्या वस्तू. शेअर ही वेगळी चीज आहे. निन्टेन्डोचा वी कन्सोल आठवा. २००६ च्या शेवटी आला, एकूण दहा कोटींवर विकला गेला. शेअरचं शिखर मात्र नोव्हेंबर २००७ मधलं, आणि तोवर दोन कोटींहूनही कमी वी विकले गेले होते. म्हणजे पाचांतले निदान चार वी विकले गेले ते शिखर मागे पडल्यावर! कन्सोल धो धो खपत होता आणि शेअर उतरत होता, याचं एक कारण म्हणजे खप होणार हे बाजाराने आधीच भावात धरलं होतं. पुढच्या पाचेक वर्षांत भाव शिखराच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेला. मार्च २०१४ पर्यंतची सलग तीन वर्षं मूळ धंद्यात तोटा. वीनंतरचा कन्सोल वी यू तर दीड कोटीही खपला नाही. ‘पण मग स्विच आला ना!’ म्हणाल. आला, २०१७ मध्ये. २०१३ मध्ये ज्याची नोकरी गेली, त्याला त्याचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट तुमच्या बातम्या वाचण्याच्या सवयीची. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइल गेम आला आणि निन्टेन्डोचा शेअर दोनेक आठवड्यांत दुपटीच्या वर गेला. गेम बनवला होता नायँटिक या दुसऱ्याच कंपनीने, आणि पोकेमॉन कंपनीत निन्टेन्डोचा वाटा साधारण एक तृतीयांश. २२ जुलैला निन्टेन्डोने स्वतःच सांगितलं की आमच्या नफ्यावर याचा परिणाम मर्यादित राहील. पुढच्या सोमवारी शेअर एका दिवसात १८ टक्क्यांच्या आसपास आपटला. हा वाटा किती, ही माहिती आधीपासून जाहीर होती. तुमच्यासारखे जाणकार चाहते मात्र त्या दोन आठवड्यांत दुर्मीळ पोकेमॉन कुठे सापडतो याची चर्चा करत होते. पुढच्या ‘डायरेक्ट’मध्ये कोणता गेम जाहीर होणार यावर आज चाललेला तुमचा वाद त्याच जातीचा : बाजारात तुरी, भट भटणीला मारी.

आता तो फंड. ‘जोखीम विभागण्यासाठी’ म्हणून तुम्हाला तो विकला गेला. त्याचा पैसा ज्यांत सर्वाधिक आहे अशा पहिल्या पाच कंपन्यांची नावं तुम्हीच उतरवून पाठवलीत, आणि त्यात निन्टेन्डो आहे! विकणाऱ्याने तुमचा तक्ता एकदा उघडून पाहिला असता तर बरं झालं असतं. अर्थात मग कमिशन मिळालं नसतं.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘५ वर्षांत तिप्पट’ असं ठळक अक्षरांत आहे. पाच वर्षांत तिप्पट म्हणजे दर वर्षी २५ टक्के, एकही वर्ष न चुकता. मी असा हिशेब कुणालाच मांडून देत नाही. उलटा हिशेब करू. शेअर निम्म्यावर आला तर सात महिन्यांचे साडेतीन उरतात, आणि पुन्हा सातवर यायला तो दुप्पट व्हावा लागतो.

तेव्हा क्रम असा. आधी फंड विका, मुदतीआधी काढण्याचं शुल्क किती ते पाहून. मग शेअरमधले पाच महिने काढा, तेही पुढच्या कंत्राटाची तारीख यायच्या आत. भाव थोडा वर येऊ दे, असं मनात येईलच, पण थांबू नका. हा पैसा बँकेत, कंटाळवाण्या ठेवीत टाका. उरलेले दोन महिने निन्टेन्डोत राहू द्या. चाहत्याला तेवढं परवडतं.

आणि कन्सोल? घ्या. ठेवीसाठी निघणाऱ्या पैशातूनच, रोख. निष्ठा एवढीच महागात पडणार असेल तर माझी काही तक्रार नाही. किंमत उतरायची वाट पाहू नका. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, पण २०२५ मध्ये प्लेस्टेशनवाली सोनी आणि एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट दोघांनीही चालू पिढीच्या कन्सोलच्या किमती वाढवल्या. जुने स्विचचे बहुतेक गेम नव्यावर चालतात, त्यामुळे लगेच नवे गेम घेण्याचीही घाई नाही.

शून्य टक्क्यांच्या हप्त्यांचा कागद मात्र परत करा. त्यात २ टक्के प्रक्रिया शुल्क आहे आणि १२ टक्क्यांची वाढीव वॉरंटी सक्तीची आहे. म्हणजे १०० च्या वस्तूवर १४ जादा. कर्ज दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे असते. हिशेब धरला तर व्याजाचा वार्षिक दर २५ टक्क्यांच्या पुढे जातो. त्या वॉरंटीत कंट्रोलरची काठी (जॉयस्टिक) एका बाजूला आपोआप सरकण्याचा दोष येतो का, ते विचारलंत? बारीक अक्षरांत ‘झिजणारे भाग वगळून’ असं आहे.