पाडलेली विमाने आणि वहीतून कमी झालेली विमाने

आपण विचारले आहे की, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या आकाशात झालेल्या ‘ब्रिटनच्या लढाई’त १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले आणि युद्धानंतर तो आकडा साठाच्या आसपास निघाला, तर याला निव्वळ प्रचार म्हणावे काय, आणि फोंड्यातील आपल्या अभ्यासमंडळाच्या तक्त्यात कोणता आकडा घालावा.

प्रचाराचा भाग होताच, पण वैमानिक सरसकट खोटे बोलले असे मला वाटत नाही. एकाच विमानावर काही सेकंदांच्या अंतराने तिघांनी गोळ्या झाडल्या, ते कोसळताना तिघांनीही पाहिले आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे आपल्या नावावर लिहिले, की एकाची तीन होतात. त्यात मेसरश्मिट १०९ हे जर्मन लढाऊ विमान पूर्ण शक्तीने सूर मारून पळू लागले की त्याच्या इंजिनातून काळा धूर निघत असे, आणि मागच्या वैमानिकाला ते जळत खाली चालल्याचा भास होई. आकाशात गर्दी जितकी जास्त, तितका हा घोळ वाढतो. म्हणूनच १५ सप्टेंबरचा दावा जवळजवळ तिप्पट ठरला, तर १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या संपूर्ण लढाईत २,६९८ विमानांच्या दाव्यासमोर १,७३३ विमानांची हानी, म्हणजे सुमारे दीडपट फुगवटा दिसतो. दाव्याला एका ठरावीक संख्येने भागून खरा आकडा काढण्याची काहींची युक्ती येथेच फसते.

विश्वासार्ह आकडा ज्याची विमाने गेली त्याच्याच पुरवठा खात्यात सापडतो, कारण बदली विमान मागायचे तर गेलेले विमान कागदावर दाखवावे लागते. जर्मन नोंदींत प्रत्येक विमानाचे नुकसान टक्क्यांत मांडलेले असे आणि साठ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेले विमान मोडीत धरले जाई. मी येथे गोव्यातच विमान-देखभालीच्या कामात बरीच वर्षे काढली, त्यामुळे या टक्क्यांचे मोल मला ठाऊक आहे. जोरात टेकलेले एक विमान आमच्याकडे आले तेव्हा वरून त्याला काहीच झालेले नव्हते. पंखाच्या मुळाशी पत्र्यावर नखाएवढी सुरकुती तेवढी होती. पत्रा उघडल्यावर आतला मुख्य दांडा वाकलेला निघाला आणि ते विमान पुन्हा कधीच उडाले नाही. युद्धात असे विमान शत्रूच्या दाव्यात कधीच येणार नाही, पण वहीतून ते कमी झालेलेच असते. उलट, गोळ्यांनी चाळण झालेले विमान चार दिवसांत पुन्हा धावपट्टीवर उभे राहू शकते.

दाव्यांतल्या ‘उद्ध्वस्त’ या शब्दावर किती विसंबावे, यासाठी आपल्या गोव्यातील दाबोळी विमानतळाचेच उदाहरण पाहा. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय कॅनबेरा विमानांनी तेथील धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी खड्डे बुजवून त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने तेथूनच उडाली आणि कराचीला पोहोचली.

नुसत्या संख्येपेक्षा उड्डाणांशी असलेले प्रमाण अधिक बोलके असते. डिसेंबर १९७२ मध्ये उत्तर व्हिएतनामवरील मोहिमेत अमेरिकेच्या बी-५२ विमानांची ७२९ उड्डाणे झाली. हनोईने, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारने, ३४ विमाने पाडल्याचे सांगितले, अमेरिकेने १५ मान्य केली. ही लढाऊ नव्हेत, बॉम्बफेकी विमाने होती, पण हिशेब तोच. अमेरिकेचा आकडा धरला तर सरासरी हानी दोन टक्के होते, परंतु तिसऱ्या रात्री ९९ उड्डाणांत सहा विमाने गेली होती आणि त्या धक्क्यानेच हल्ल्याची पद्धत बदलावी लागली. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या दराने पन्नास उड्डाणे केली तर शंभरातली सुमारे छत्तीसच विमाने शिल्लक राहतात.

त्यामुळे १८५ हा आकडा ‘जाहीर दावा’ अशा स्वतंत्र रकान्यात तारखेसह ठेवावा, शेजारी जर्मन नोंदींतला आकडा द्यावा, आणि अपघातात गेलेली विमाने वेगळी दाखवावीत, कारण मेसरश्मिटची चाके एकमेकांच्या जवळ असल्याने ती उतरतानाही पुष्कळ मोडली. जमल्यास वैमानिकांचा रकानाही जोडावा. ब्रिटनच्या लढाईत ब्रिटिशांची ९१५ लढाऊ विमाने गेली, पण स्वतःच्याच भूमीवर हवाई छत्रीने उतरलेला वैमानिक संध्याकाळपर्यंत आपल्या तुकडीत परतू शकत होता. तशाच प्रकारे उतरलेला जर्मन वैमानिक कैदेत जात होता.