बाळाच्या कार सीटसाठी घरी कव्हर शिवलं तर चालेल का? कापड किती लागेल?

शिवा की, फक्त आधी सीटचं माहितीपत्रक बघा, त्यात दुसरं कव्हर घालू नका असं नसेल तर बिनधास्त शिवा. पण तुम्ही लिहिलंय की बाळाला मऊ लागावं म्हणून आत इंचभर स्पंज भरणार आहे, ते वाचलं आणि मला राहवेना. स्पंज अजिबात घालू नका. फोम नको, गोधडी नको, दुपट्याची घडीसुद्धा नको.

आम्ही साताऱ्यात, नणंदबाई पुण्याला, त्यामुळं आमची ये-जा सारखी चालू असते. सीटचं कंपनीचं कव्हर पॉलिस्टरचं होतं, मे महिन्यात शिरवळ येईपर्यंत लेकीची पाठ चिंब व्हायची आणि मानेला घामोळं उठायचं. म्हणून मोती चौकातनं साधं सुती कापड आणलं आणि एकपदरी कव्हर शिवलं, कंपनीच्या कव्हरवरनं चढवायचं, घाम टिपायला. तर नणंदबाईंचं सुरू, हे काय पायपुसण्यासारखं पातळ, ऑनलाइन छान जाड स्पंजचं मिळतंय की. निघताना मी बेल्ट लावला तर "किती आवळलंयस लेकराला" म्हणून त्यांनी तो सैल केला आणि पाठीमागं जाड दुपट्याची घडी सारली. चारचौघात मी गप्प बसले. कात्रज सोडून पुढं आलो आणि समोरनं राँग साइडनं एक बाइकवाला आला, ह्यांनी कचकन ब्रेक मारला. लेक तेव्हा दीड वर्षाची, पुढं तोंड करून बसलेली. घडी दबली, पोर पुढं गेली आणि डाव्या खांद्याचा बेल्ट घसरून पार दंडावर आला. लागलं काहीच नाही, पण मी तिथंच गाडी बाजूला घ्यायला लावली, घडी काढली आणि बेल्ट परत ओढला तर चांगला तीन-चार बोटं आत आला! एवढी ढील त्या एका दुपट्यात लपली होती. नुसत्या ब्रेकला हे, तर धडक बसली असती तर काय झालं असतं. स्पंजचंही तेच होतं, बेल्ट वरनं घट्ट वाटतो आणि धक्का बसला की स्पंज चेपतो.

बेल्ट बघायचा कसा तर गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरायचा, उभी घडी पकडता आली तर सैल आहे, चिमूट निसटली तर बरोबर. नणंदबाईंचं म्हणणं, आपल्याकडं कोण विचारतंय कार सीटला. 2019 ला मोटार वाहन कायदा बदलला, त्यात 194ब कलम आहे, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. आणि कुणी विचारत नसलं तरी पोर आपलंच आहे ना.

आता शिवायचं. चव्वेचाळीस इंच पन्न्याचं दीड मीटर कापड बहुतेक सीटला पुरतं, आधी भिजवून वाळवून घ्या नाहीतर पहिल्या धुण्यातच आखडतं. फर्म्यासाठी सीटवरच वर्तमानपत्र दाबून बसवा आणि बेल्टच्या भोकांत बोट घालून कागद टोचा, टेपनं मोजत बसू नका, चुकतं. कडेला नेफा करून इलॅस्टिक. खरी मेहनत भोकांची. मागनं दुहेरी कापडाचा तुकडा लावा, काजासारखी चौकोनी शिलाई आधी मारून घ्या आणि मगच मधे चीर द्या, आधी कापलंत तर पट्टा घासून घासून सुतं निघतात. पायामधल्या भोकातनं अख्खं बकल निघायला हवं. खांद्याची भोकं जेवढी आहेत तेवढ्या सगळ्यांना चीर ठेवा, बाळ वाढेल तसा पट्टा वर घ्यायला लागतो. तोंड मागं असेल तर पट्टा खांद्याच्या बरोबरीनं किंवा जरा खालनं, पुढं असेल तर बरोबरीनं किंवा वरनं निघाला पाहिजे. कापड पट्ट्याखाली कुठंही गोळा व्हायला नको.

हां, परत सांगते, सीटचं माहितीपत्रक आधी वाचा. बऱ्याच कंपन्या दुसरं कव्हर घालू नका असं लिहितात, तसं असेल तर माझं ऐकू नका, कंपनीचंच कव्हर मागवा आणि बाळाला पातळ सुती झबलं घाला. आतला थर्माकोल काढायचा नाही. पट्टे भिजवून धुवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. आणि मागं तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच ठेवू नका.

थंडीत काय, असं घरचे विचारतीलच. आधी बेल्ट लावायचा, मग वरनं शाल घालायची. आणि कुणी आवळलंय म्हणून सैल करायला लागलं तर माझ्यासारखं गप्प बसू नका, पट्टा त्यांच्याच चिमटीत द्या आणि घडी पकडून दाखवा म्हणा.