अमेरिकेत गांजाच्या कायदेशीर लाउंजमध्ये जायचंय, आत नक्की कसं असतं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर सॅन फ्रान्सिस्को आणि लास व्हेगसला येताय, तिकडे गांजा कायदेशीर आहे असं ऐकलंय, एखाद्या लाउंजमध्ये, म्हणजे जिथे बसून गांजा घ्यायला परवानगी असते अशा ठिकाणी, जाऊन बसायचंय, आणि नवरा साधी सिगारेटही ओढत नाही तर त्याला आत घेतील का. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात राहते, मित्रमंडळींबरोबर अशा ठिकाणी जाणं होतं, त्यामुळे आतलं सगळं सांगते, पण आधी व्हिसाचं, कारण ते कुणी सांगत नाही आणि मला काळजी त्याचीच वाटते.

कॅलिफोर्निया आणि नेवाडा दोन्हीकडे २०१६ च्या मतदानात लोकांनी २१ वर्षांपुढच्यांसाठी गांजा मोकळा केला. पण हे झालं राज्याचं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्यात तो आजही बेकायदेशीरच आहे आणि व्हिसा, इमिग्रेशन, एअरपोर्टची सिक्युरिटी हे सगळं फेडरलच्या हातात. म्हणजे दुकानात रीतसर पावती मिळते, राज्याचा पोलीस काही बोलत नाही, पण परदेशी माणसाने इमिग्रेशन ऑफिसरसमोर "हो, घेतला होता" असं कबूल केलं तर कोर्ट नाही, शिक्षा नाही, नुसत्या त्या कबुलीवर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. व्हिसाच्या फॉर्ममध्ये सुद्धा अमली पदार्थांचा कायदा कधी मोडलाय का असं सरळ विचारलेलं असतं, आणि तिथे खोटं लिहिलं तर ते आणखी महागात पडतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही सूट नाही, २०१९ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशन बघणाऱ्या फेडरल खात्याने, स्पष्ट लिहूनच टाकलं की राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात हे तुमच्या विरोधात धरलं जाऊ शकतं. मी स्वतः इथली नागरिक होईपर्यंत या वाटेला गेले नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, व्हिसावर आलात तर जागा बघा, बसा, चहा-कॉफी प्या, पण घेऊ नका. मुलं इकडे शिकायला असतील, पुढे परत परत यायचं असेल तर एका संध्याकाळीसाठी एवढी जोखीम का घ्यायची? तरीही घ्यायचंच असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून ठरवा, आणि त्याचे फोटो-व्हिडिओ फोनमध्ये ठेवून फिरू नका कारण एअरपोर्टवर फोन उघडून बघू शकतात.

आता आत कसं असतं ते. दारातच आयडी तपासतात, केस पांढरे असले तरी तपासतात. आधार कार्डाचा काही उपयोग नाही, मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक लाउंज डिस्पेन्सरीला, म्हणजे गांजाच्या दुकानाला जोडूनच असतात, आधी काउंटरवर खरेदी आणि मग आतल्या खोलीत बसायचं. काउंटरवरच्या माणसाला बडटेंडर म्हणतात, त्याला बिनधास्त सांगायचं की मी पहिल्यांदाच आलेय, कुणी हसत नाही, उलट नीट समजावून सांगतात. कॉलेजात कुणाच्या रूमवर दोन झुरके मारले होते त्या हिशोबाने मात्र जाऊ नका, इथे फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, २०-२५ टक्के सहज असतं आणि तो आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो वाचून हलक्यातलं मागा. बोर्डावर लिहिलेली किंमत शेवटची नसते, वर टॅक्स लागतो आणि तो चांगलाच लागतो. क्रेडिट कार्ड घेत नाहीत (बँकांना फेडरलची भीती), भारतातलं डेबिट कार्ड चालेल याचाही भरवसा नाही, म्हणून कॅश जवळ ठेवा.

लाउंज म्हणजे सिनेमात दाखवतात तसा अंधारा अड्डा नसतो हो. सोफे, टेबलं, बारीक आवाजात गाणी, कुठे टीव्हीवर मॅच, छताला मोठे एक्झॉस्ट. ऑफिस सुटल्यावर लॅपटॉप घेऊन आलेली माणसं असतात, सांधेदुखीसाठी येणाऱ्या साठीच्या बायकाही असतात. दारू मिळत नाही आणि तंबाखूही चालत नाही, हा कॅलिफोर्नियाचा नियमच आहे, त्यामुळे बारमधला आरडाओरडा नसतो आणि एकटी बाई बसली तरी कुणी त्रास देत नाही, मला तरी बारपेक्षा इथे जास्त सेफ वाटतं. आधी खायला ताजं असं काही विकता यायचं नाही, गव्हर्नर न्यूसम यांनी ती परवानगी देणारा एक कायदा २०२३ मध्ये कामगारांना धुराचा त्रास होईल म्हणून अडवला होता, मग २०२४ मध्ये सुधारलेल्या कायद्यावर सही केली आणि जानेवारी २०२५ पासून लाउंजना जेवण, कॉफी विकायला आणि गाण्याचे कार्यक्रम ठेवायला परवानगी आहे, स्थानिक पालिकेने हो म्हटलं तर. गर्दीच्या वेळी टेबलाला वेळेची मर्यादा असते आणि सर्व्हरला टिप द्यायची असते हे लक्षात ठेवा. कपड्यांना आणि केसांना वास लागतो, तिथून थेट नातेवाइकांकडे जेवायला जायचा बेत करू नका.

सॅन फ्रान्सिस्कोत मिशन स्ट्रीटवरचं बार्बरी कोस्ट आणि मार्केट स्ट्रीटवरचं मो ग्रीन्स ही नावाजलेली ठिकाणं. सगळ्या लाउंजना सगळी परवानगी नसते, कुठे फक्त खायचं, कुठे व्हेप (न जाळता नुसती वाफ ओढायची), कुठे जाळून ओढायलाही चालतं, आणि ही ठिकाणं उघडतात-बंद होतात पण पटापट, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा.

एक वस्तू मात्र मुद्दाम बघा, घेणार नसलात तरी. व्होल्कॅनो नावाचं जर्मन यंत्र असतं, स्टीलचा बुटका शंकू. वर छोट्या चेंबरमध्ये दळलेला गांजा भरतात, १८०-२०० डिग्रीची गरम हवा खालून सोडतात, आणि वर लावलेली पारदर्शक पिशवी हळूहळू फुगत फुगत उभी राहते. आत काही जळत नाही, नुसती वाफ, त्यामुळे पिशवीत दाट पांढरा धूर दिसत नाही, हलकं धुकं असतं. मग पिशवी काढून तोंडाशी धरायची, ओठ दाबले की झडप उघडते. घसा कमी जळतो, आणि पिशवी अर्धी घेऊन थांबता येतं म्हणून नवख्या माणसाला प्रमाण सांभाळायला बरं पडतं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते एडिबलमध्ये, म्हणजे गमी, चॉकलेट, सरबत वगैरे. कॅलिफोर्नियात एका सर्व्हिंगला १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा आहे आणि आख्ख्या पाकिटात १००, म्हणजे एका पाकिटात दहा जणांचं असू शकतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला २.५ किंवा फार तर ५ पुरे. ओढलेलं काही मिनिटांत कळतं, खाल्लेलं चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि उतरायला सहा-आठ तास. होळीला भांग घेतलेल्यांना हे माहीत असतं, "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरा ग्लास मागणाऱ्याचीच वाट लागते. इथे गमी तर चवीला जेलीच्या गोळीसारखी, तासाभराने दुसरी तोंडात टाकली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. जास्त झालंच तर छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, आपण मरतोय असं वाटायला लागतं. ते जातं. पाणी प्यायचं, काहीतरी खायचं, शांत जागी कुणाजवळ तरी बसायचं, आणि लाउंजमधल्या स्टाफला सांगायचं, त्यांना याची सवय असते. वर दारू अजिबात घ्यायची नाही. छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय असं असेल तर लाजत बसू नका, सरळ ९११ ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करा. हार्टची किंवा बीपीची औषधं चालू असतील, किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर या वाटेला जाऊच नका असं मी अगदी मनापासून सांगते.

व्हेगसचं गणित वेगळं. लोकांना वाटतं तिथे सगळंच चालतं, पण कॅसिनोत आणि बहुतेक हॉटेलांच्या खोल्यांत ओढायला परवानगी नसते, स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, ओढणं बेकायदेशीर आहे आणि सार्वजनिक जागी पकडलं तर ६०० डॉलरपर्यंत दंड. लाउंजना परवानगी देणारा कायदा २०२१ मध्ये झाला, राज्याच्या लायसन्सवरचं पहिलं लाउंज २०२४ च्या फेब्रुवारीत उघडलं आणि पुढच्या वर्षी बंदही झालं. प्लॅनेट १३ या भल्यामोठ्या डिस्पेन्सरीतलं डेझ्ड नावाचं लाउंज २०२४ च्याच एप्रिलमध्ये सुरू झालं. पायूट या आदिवासी जमातीच्या जमिनीवरचं नुवू या दुकानाचं लाउंज २०१९ पासूनचं, कारण आदिवासींच्या जमिनीवर त्यांचे स्वतःचे नियम चालतात. नेवाडाच्या लाउंजमध्ये घेतलेलं तिथेच संपवायचं, उरलेलं खिशात घालून नेता येत नाही.

गाडी चालवायची नाही, उबर करा. उरलंसुरलं बॅगेत टाकून विमानात चढायचं नाही, व्हेगसच्या एअरपोर्टवर तर ते टाकून द्यायला वेगळे डबे ठेवलेत. आणि भारतात मित्रांसाठी म्हणून एक गमीसुद्धा नेऊ नका, हात जोडून सांगते. तिकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, मुंबईच्या कस्टम्सला कॅलिफोर्नियाची पावती दाखवून काही होत नाही.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. २१ पूर्ण आणि पासपोर्ट जवळ असेल तर त्यांना आत घेतात, घेतलंच पाहिजे अशी जबरदस्ती कुणी करत नाही. काही ठिकाणी माणशी काहीतरी खरेदी किंवा बसायची फी असते, तिथे साधं पेय घेऊन भागतंय का ते फोनवरच विचारून घ्या. धुराचा त्रास होत असेल तर संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी जाऊ नका, मधल्या वारी दुपारी जा, खोली रिकामी असते, हवा बरी असते आणि बडटेंडरला तुमच्याशी बोलायला वेळही असतो.