तुझ्या निबंधातील वारीविषयी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी मराठी शाळा सुटल्यावर तू माझ्या हातात दिलेला निबंध मी घरी येऊन दोनदा वाचला. 'माझ्या कुटुंबातील एक परंपरा' या विषयावर तू आजीबरोबर सासवडपासून जेजुरीपर्यंत चाललेल्या वारीबद्दल लिहिलेस आणि तुमच्या इंग्रजीच्या बाईंनी समासात हिरव्या शाईने 'कृपया धार्मिक नसलेला विषय निवड' असा शेरा लिहून तो परत केला. त्याऐवजी दिवाळीच्या फराळावर लिहून दिले तर चालेल का, एवढेच तू मला विचारलेस. चालेल, पण तू तसे करू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे फोनवर घाईघाईने सांगण्यापेक्षा सविस्तर लिहून पाठवतो आहे.

तू इथे अमेरिकेत सार्वजनिक शाळेत शिकतेस, म्हणून सुरुवात इथल्या कायद्यापासून करतो. अमेरिकेच्या संविधानाची पहिली घटनादुरुस्ती १७९१ सालची आहे. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये आणि कोणाच्याही धर्माचरणाला आडकाठी करू नये, या दोन्ही गोष्टी तिच्यात एकाच वाक्यात लागोपाठ येतात, आणि भाषणस्वातंत्र्य त्यांच्या पाठोपाठ. सार्वजनिक शाळा सरकारी खर्चाने चालते, म्हणून वर्गात शिकवत असताना बाई जे बोलतात त्यामागे सरकारचे वजन असते. बाकावर बसलेली तू मात्र फक्त तुझ्या वतीने बोलत असतेस. शाळेने धर्माचा प्रचार करू नये हे बंधन शाळेवर आहे, तुझ्यावर नाही. 'शाळेत धर्म नको' असे सरसकट म्हणणारे लोक नेमका हा फरक विसरतात आणि त्यांत चांगले, सद्हेतू असलेले शिक्षकही असतात.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण अशाच शिक्षकांपैकी एक मी स्वतः होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीने कुटुंबाच्या इतिहासावर प्रकल्प केला होता. तिच्या आजीचा बाप्तिस्मा नदीत झाला होता आणि त्या प्रसंगाचे चित्र तिने मोठ्या पुठ्ठ्यावर काढून आणले होते: कमरेइतके पाणी, पांढरे झगे घातलेली माणसे आणि काठावर उभ्या असलेल्या बायका. तिने दोन वाक्ये उच्चारली असतील नसतील, तोच मी तिला थांबवले आणि 'हे वर्गात नको, दुसरे काहीतरी सांग' असे म्हणालो. ती काही न बोलता पुठ्ठा उलटा करून बाकावर जाऊन बसली आणि वर्ष संपेपर्यंत तिने माझ्या वर्गात आपणहून कधी हात वर केला नाही. मी कायदा पाळतो आहे अशी माझी त्या वेळी प्रामाणिक समजूत होती. कायदा वाचला तो त्यानंतर चार वर्षांनी, आणि तोपर्यंत ती शाळेतून गेलेली होती. म्हणून तुमच्या बाईंनी आकसाने शेरा लिहिला असेल असे मी मानत नाही. त्या घाबरल्या असाव्यात, आणि घाबरलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवून उपयोग होत नाही.

तू ज्या कायद्याच्या आधारावर उभी आहेस, त्याची घडण जाणून घेण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याचा १९४९ सालचा एक कायदा असा होता की प्रत्येक सार्वजनिक शाळेत रोज सकाळी बायबलमधील किमान दहा वचने वाचली जावीत आणि तीही कोणतेही भाष्य न करता. १९५६ साली अ‍ॅबिंग्टन येथील एलरी शेंप हा सोळा वर्षांचा विद्यार्थी हे वाचन चालू असताना मित्राकडून आणलेली कुराणाची प्रत उघडून मनातल्या मनात वाचत बसला आणि त्याबद्दल त्याची रवानगी प्रिन्सिपलच्या खोलीत झाली. त्याच्या कुटुंबाने लढवलेला खटला १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकालात निघाला, तोवर एलरीचे शाळेचे दिवस संपलेले होते आणि खटला धाकट्या भावंडांच्या नावे चालला होता. शाळेने घडवून आणलेले धर्मग्रंथवाचन न्यायालयाने बंद केले, पण त्याच निकालात हेही नमूद केले की धर्मांचा तटस्थपणे केलेला अभ्यास शिक्षणाचा भाग असायला घटनेची हरकत नाही. मला यात सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते 'भाष्य न करता' हे कलम. त्या काळी शाळेत देवाचे नाव रोज घेतले जाई आणि मुलांनी त्याविषयी प्रश्न विचारण्याला मात्र तिथे जागा नव्हती. 'साठच्या दशकात शाळेतून देव हाकलला' असे तुला इथे पुष्कळ जण सांगतील, आपल्या मंडळातील काही काकाही सांगतात. हाकलली गेली ती सक्ती, आणि ती गेली म्हणूनच तुला वारीबद्दल लिहिता येते आहे.

आता तुझ्या निबंधाकडे वळतो. अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने १९९५ पासून वेळोवेळी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तुझ्या प्रश्नाचे जवळजवळ थेट उत्तर आहे: विद्यार्थ्यांना गृहपाठात, चित्रात किंवा तोंडी सादरीकरणात आपल्या श्रद्धेविषयी लिहिता-बोलता येते, केवळ आशय धार्मिक आहे म्हणून त्यात भेदभाव करता येत नाही, आणि गुण द्यायचे ते विषयाशी सुसंगती आणि लेखनाचा दर्जा या नेहमीच्या निकषांवर. विषय ठरवण्याचा अधिकार अर्थातच शिक्षकाचा असतो आणि न्यायालये त्यात सहसा हात घालत नाहीत. बाईंनी 'उष्णतेचे वहन' हा विषय दिला असता आणि तू वारी लिहून नेली असतीस तर त्यांनी निबंध परत करणे योग्यच ठरले असते. पण त्यांनी कुटुंबातील परंपरा विचारली, आणि तू कुटुंबातील परंपराच लिहिलीस.

या निकषांची दुसरी बाजूही तुला ऐकून घ्यावी लागेल. तुझा तिसरा परिच्छेद उत्तम आहे. मुक्कामाच्या ठिकाणी ताडपत्रीवर बसून आजी टाचांच्या भेगांत आमसुलाचे तेल भरते, शेजारची अनोळखी बाई न विचारता तिचा दुसरा पाय आपल्या मांडीवर घेते, आणि तू बॅटरीचा उजेड धरून उभी असतेस, हे वाचताना मला तो तंबू दिसला. शेवटच्या परिच्छेदात मात्र तू अचानक 'विठ्ठलाची भक्ती ही जगातील सर्वांत श्रेष्ठ भक्ती आहे' असे जाहीर करून टाकतेस. तसे म्हणण्याची तुला पूर्ण मोकळीक आहे, पण आधीच्या चार पानांत त्याला आधार देणारे काहीच नाही, आणि बाईंनी तिथे गुण कापले तर तो धर्मावरून केलेला भेदभाव ठरणार नाही, ते निबंध तपासणे ठरेल. ते वाक्य ठेवायचे की काढायचे हे तू ठरव. मी असतो तर त्या जागी आजी रात्री झोपताना काय पुटपुटली ते लिहिले असते.

जेवणाच्या टेबलावर घडलेल्या प्रसंगाचा उल्लेख तू जाता जाता केलास, पण तो मला निबंधापेक्षा अधिक नाजूक वाटतो. एकीने 'तुम्ही हत्तीची पूजा करता का' असे विचारले आणि शेजारचा मुलगा म्हणाला की त्याच्या चर्चमध्ये मूर्तिपूजा हे पाप मानतात. तू गप्प बसलीस आणि घरी येऊन रडलीस. तुला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तरीही जो कायदा तुझ्या वारीला जागा देतो, तोच त्या मुलाच्या वाक्यालाही देतो, हे तुला मनापासून स्वीकारावे लागेल. १९६५ साली आयोवा राज्यातील डे मॉइन येथे काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधल्या, त्यांतील मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि एक मोजमाप घालून दिले. विद्यार्थ्याच्या बोलण्याने शाळेच्या कामकाजात मोठा व्यत्यय येत असेल किंवा दुसऱ्याच्या हक्कांवर आक्रमण होत असेल तरच शाळेने ते रोखावे. ऐकणाऱ्याला ते आवडले नाही एवढे कारण पुरत नाही. त्या मुलाने आपली श्रद्धा एकदा सांगितली, हे संभाषण झाले. तोच रोज तुझ्या डब्याजवळ येऊन तुला हिणवू लागला, तू नको म्हटल्यावरही थांबला नाही, तर तो छळ होईल आणि त्याची लेखी तक्रार करायला मी तुझ्याबरोबर येईन.

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तू साऱ्या हिंदू धर्माची प्रवक्ती होण्याचे कारण नाही. इथल्या आपल्या मुलांवर हे ओझे फार लवकर पडते; चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडून लोक वेदांपासून जातिव्यवस्थेपर्यंत सगळ्याचा खुलासा मागतात. 'आमच्या घरी गणपती दहा दिवस असतो, मला मोदक वळता येतात, बाकीचे आजीला विचारून सांगते' हे संपूर्ण उत्तर आहे.

शाळेत अभंग-मंडळाचा क्लब काढता येईल का, असेही तू मागे एकदा विचारले होतेस. १९८४ च्या समान प्रवेश कायद्यानुसार, सरकारी अनुदान घेणाऱ्या ज्या सार्वजनिक हायस्कूलमध्ये अभ्यासक्रमाबाहेरच्या एकाही क्लबला जागा मिळते, तिथे धार्मिक आशयाच्या क्लबलाही ती नाकारता येत नाही, आणि १९९० साली नेब्रास्कातील ब्रिजेट मर्जेन्स या विद्यार्थिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. तिला बायबल क्लब हवा होता. तुमच्या शाळेत बुद्धिबळाचा क्लब भरत असेल तर तुमचा अभंग-मंडळाचा क्लबही भरू शकतो. मात्र तो विद्यार्थ्यांनीच सुरू केलेला आणि चालवलेला असावा लागतो, शिक्षकाने केवळ देखरेखीपुरते बसायचे असते, आणि बाहेरच्या माणसांनी तो चालवणे किंवा तिथे नियमित हजेरी लावणे या कायद्यात बसत नाही. त्यामुळे दर आठवड्याला टाळ घेऊन येण्याची तुझ्या बाबांची तयारी कितीही कौतुकास्पद असली तरी त्यांना नाही म्हणावे लागेल, आणि मलाही बोलावू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या त्या मैत्रिणीसंबंधी, जी आपल्या घरच्या धर्माबद्दल चकार शब्द काढत नाही आणि जिला तू पुन्हा पुन्हा विचारतेस. न बोलण्याचाही तिला तितकाच हक्क आहे. यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनी ध्वजवंदन नाकारले म्हणून त्यांना शाळेतून काढले, तेव्हा १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकार कोणाच्या तोंडून श्रद्धेचे शब्द वदवून घेऊ शकत नाही. पुढे केरळमधील त्याच पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेतून काढली गेली. १९८६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, आणि त्या निकालपत्रात या अमेरिकन निकालाचा आधार घेतलेला आहे. तुझ्या दोन्ही देशांच्या न्यायालयांनी हे सांगितलेले आहे, तेव्हा तिला यापुढे विचारू नकोस.

आता करायचे ते असे. येत्या आठवड्यात शाळा सुटल्यावर बाईंना दहा मिनिटे माग आणि निबंध बरोबर ने. 'विषय परंपरेचा होता, माझ्या घरची परंपरा ही आहे. यात लेखनाच्या दृष्टीने काय सुधारू?' असे शांतपणे विचार आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ दे. सूचनांची छापील प्रत दप्तरात असू दे, पण पहिल्याच भेटीत बाहेर काढू नकोस. त्या तरीही नाही म्हणाल्या, तर शाळेच्या कौन्सेलरला ईमेल लिहून आईबाबांना त्याची प्रत पाठव, आणि त्यानंतर आपण प्रिन्सिपलकडे जाऊ. हिरव्या शाईचा शेरा असलेली मूळ प्रत कोणालाही देऊ नकोस, तिची झेरॉक्स दे. नवा मसुदा शनिवारपर्यंत मला पाठव. त्यात काहीही बदललेस तरी चालेल, फक्त बॅटरीच्या उजेडातील तो परिच्छेद आहे तसाच राहू दे.

तुझे,
काका