अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र घेतल्याने मुलाचा आत्मविश्वास खचेल का?

तुमचा मुलगा सातवीत आहे, तपासणीत त्याला अध्ययन अक्षमता (बुद्धी कमी नसतानाही वाचणे, लिहिणे किंवा गणित अवघड जाणे) असल्याचे दिसून आले आहे आणि प्रमाणपत्र घेतले तर त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल अशी धास्ती घरच्यांना वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. विशेष शिक्षिका म्हणून मी अशाच मुलांना शिकवते आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की शिक्का त्याच्यावर आधीच बसलेला असतो. ‘आळशी आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘ढ आहे’ हे शेरे तो पहिली-दुसरीपासून ऐकत आला असणार, आणि एव्हाना त्याचा त्यांवर विश्वासही बसला असणार.

वर्गात आळीपाळीने धडा वाचायचा असला, की ही मुले बाके मोजून आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार याचा अंदाज बांधतात आणि तेवढाच मनातल्या मनात घोकत बसतात. मधल्या वेळात बाई काय सांगत होत्या, ते त्यांच्या कानांवरून जाते. पुढे प्रश्न विचारल्यावर उत्तर येत नाही आणि ‘लक्ष नाही’ या शेऱ्याला आणखी एक पुरावा मिळतो. सहावी-सातवीच्या सुमारास काही मुले अभ्यासच सोडून देतात. जीव तोडून अभ्यास करूनही नापास होण्यापेक्षा ‘मी पुस्तक उघडलेच नव्हते’ असे सांगता येणे त्यांना कमी अपमानाचे वाटते. मोठ्यांना तो उद्धटपणा वाटतो. मला मात्र त्यात स्वतःची उरलीसुरली किंमत राखण्याची धडपड दिसते.

क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ही परीक्षा तुमची बौद्धिक कुवत मोजणार आहे असे सांगितले, की त्यांची कामगिरी घसरत असे. तसे न सांगता तेच प्रश्न दिले, तर ती सुधारत असे. आपल्या गटाविषयीचा वाईट समज आपण खरा ठरवू, ही धास्तीच डोक्यातली जागा अडवते. जोडाक्षर फोडण्यातच ज्याची शक्ती खर्च होते, त्याच्यावर हे ओझे किती पडत असेल, याचा विचार करा.

म्हणून तपासणीत झालेले निदान मुलापासून लपवू नका. त्याला त्याच्याच भाषेत सांगा. बुद्ध्यांक चाचणीही झाली असेल, तर समुपदेशकांसमोर बसून ‘तुझी बुद्धी कमी नाही, अक्षरे वाचण्याची आणि लिहिण्याची प्रक्रिया तुला अवघड जाते’ हे वाक्य त्याला ऐकू द्या. बहुतेक मुले हे ऐकून आधी गप्प होतात आणि मग विचारतात, ‘म्हणजे मी ढ नाही?’ अभ्यासाविषयी खचलेल्या मुलाचे स्वतःविषयीचे एकूण मत चांगले राहू शकते, असेही संशोधनात आढळले आहे. म्हणून त्याची चित्रकला किंवा कबड्डी ‘आधी मार्क आण’ म्हणून बंद करू नका.

कायद्याचे म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्याआधीच्या, १९९५ च्या दिव्यांगांविषयीच्या कायद्यात तो नव्हता. जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती), शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट अशा सवलती बोर्डाच्या परीक्षेत मिळू शकतात, मात्र त्यांसाठी प्रमाणपत्र लागते. मुंबईत राहत असाल, तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात चौकशी करा.

अडचण वर्गमित्रांची असते. ‘तुला फुकटचे मार्क मिळतात’ हे वाक्य तो कधी ना कधी ऐकेल आणि अनेक मुले त्यापायीच लेखनिक नाकारतात. जादा वेळ दिल्याने न येणारे उत्तर येऊ लागत नाही, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. घरी तसा सराव करा. वर्गशिक्षकांना भेटून त्याला अचानक उभे करून वाचायला लावू नये, तोंडी उत्तर देण्याची संधी मात्र अवश्य द्यावी, अशी विनंती करा. लेखनिक घ्यायचा की नुसता जादा वेळ, हे ठरवताना त्याला बरोबर बसवा आणि त्याचे म्हणणे आधी ऐका.